न्यूरोसायकॉलॉजीच करायचंय ना, मग ऐक

अगं, एम.ए. संपत आलं आणि पुढे मेंदूचंच काम करायचं म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. पण त्या सहा महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटचे पैसे भरू नकोस. आपल्याकडे न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून वेगळी नोंदणी नाही. वाट क्लिनिकल सायकॉलॉजीतूनच जाते. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला, वॉर्डात सीनियरच्या हाताखाली घडवणारा कोर्स, मग नोंदणी. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच धर्तीची आहे. आजवर त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. होतं, आता अभ्यासक्रम बदलताहेत. म्हणून जाहिरातीवर जाऊ नकोस, आरसीआयची यंदाची यादी स्वतः उघडून बघ. त्यानंतर बंगळूरच्या निमहान्ससारख्या ठिकाणी पीएच.डी. किंवा फेलोशिप. घाबरू नकोस, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलीस की सकाळी बंगळूर. आणि वर्षं फार जातात असं वाटलं तर अमेरिकेकडे बघ, तिथे 1997च्या ह्यूस्टन परिषदेपासून डॉक्टरेटनंतरही दोन वर्षं रेसिडेन्सी धरतात.

तू विचारलंस, मेंदूचं करायचं तर डिप्रेशनच्या वॉर्डात वर्षं का घालवू? कारण पन्नाशीतली बाई ‘विसरायला होतं’ म्हणत येते तेव्हा ते नैराश्य असू शकतं, थायरॉइड असू शकतं, डिमेन्शियाही असू शकतो. हायवेवर गाडीवरून पडलेल्या माणसाचा सीटी स्कॅन चांगला येतो, पण बायको सांगते, ‘हे आता पाण्याची पाळीसुद्धा विसरतात, आणि राग तर विचारू नका.’ तो राग दुखापतीचा की धसक्याचा, हे ओळखायला दोन्हीकडचे पेशंट भरपूर बघितलेले लागतात.

आणि आपल्या गावाकडच्या पेशंटांसाठी तुझं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. जत किंवा माण तालुक्यातल्या आजीपुढे चौकोनी ठोकळ्याचं चित्र ठेवून ‘काढा’ म्हटलं तर ती काढणार कशी? पेन्सिल कधी धरलीच नाही. तिथे मार्क कमी पडले म्हणून डिमेन्शिया ठरवणं हा अन्याय आहे. निमहान्सच्या 2004च्या चाचण्यांच्या संचात वय आणि शिक्षण बघून वेगवेगळे मापदंड दिले ते याचसाठी. त्याच आजीला मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगायला सांग. कालवड, खोंड, रेडकू, करडू, शिंगरू, सगळं भराभर येईल. परीक्षकालाच हे शब्द माहीत नसतील तर तो मोजणार काय? आयसीएमआरने स्मृती आणि आकलन तपासण्याचा संच तयार केला तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. त्या पाचांत मराठी नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा डिसर्टेशनचा विषय ठरला नसेल तर हाच घे. शाळा न पाहिलेल्या बायकांनी सांगितलेली प्राण्यांची नावं, दोन तालुके, गाईडची संमती, एथिक्स कमिटीची परवानगी. स्टॅटिस्टिक्स आत्तापासून पक्कं कर, आणि मेंदूची रचना मेडिकलच्या मुलांइतकी पाठ हवी. घरी लग्नाचा विषय निघाला की मला सांग, काकूंशी मी बोलते.