चलान भरण्याआधी फोटो उघडा

काशीमिऱ्याला तुमची स्कूटर मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असते. चेकनाका ओलांडून दहिसरला गेलात की मुंबई पोलिसांच्या हद्दीत. घोडबंदरवरून गायमुख घाटापलीकडे गेलात की ठाणे शहर पोलिसांच्या. सकाळी बोरिवलीला कामावर आणि संध्याकाळी ठाण्याला मावशीकडे जाऊन येणारा मिरा रोडचा माणूस एका दिवसात तीन आयुक्तालयं फिरून येतो, आणि यातल्या कुठल्याही चौकात त्याच्या गाडीचा फोटो निघू शकतो. आपलं आयुक्तालय 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. त्याआधी हे शहर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होतं. म्हणून असेल, अजूनही चलान आलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "आता ठाण्याला जावं लागणार का?"

मी शांतीनगरमधल्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. मेन्टेनन्स, पाणी, लिफ्ट यांच्या जोडीला हल्ली चलानाचे मेसेजही माझ्याकडे येतात. कोणी घाबरून येतं, कोणी चिडून, तर कोणी "बघू पुढे" म्हणत मोबाइल खिशात टाकतं. या प्रकरणातलं मला जे कळलं ते माझ्या स्वतःच्या स्कूटरमुळे कळलं, म्हणून तिथूनच सांगते.

स्कूटर विकायची ठरली. घेणारा मुलगा हुशार होता. पैशांचं बोलायच्या आधी म्हणाला, "ताई, चलान काय काय आहेत ते बघू." राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर, म्हणजे महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इनवर, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीचा सगळा हिशेब समोर येतो. महाट्रॅफिक अ‍ॅपवरही तेच दिसतं. राज्यात कुठेही झालेलं चलान या एकाच यादीत येतं. माझ्या नावावर थकीत चलानं निघाली. त्यातली हेल्मेटची चलानं खरी होती. गोल्डन नेस्ट सर्कलजवळचे फोटो होते आणि मागे बसलेला माझाच मुलगा होता. ती तिथेच भरून टाकली. पण एक चलान दुसऱ्याच शहराच्या वाहतूक विभागाचं होतं, सिग्नल तोडल्याचं. त्या शहरात माझी स्कूटर कधी गेलीच नव्हती.

घरातल्या सगळ्यांचं मत पडलं, भरून टाक, कटकट मिटव. मला ते पटेना. चलानाची रक्कम भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरणं. पैसे भरले की प्रकरण तिथेच संपतं. नंतर "ती गाडी माझी नव्हतीच" म्हणायला जागा उरत नाही. म्हणून आधी फोटो उघडला. चलानाच्या ओळीशेजारी पुराव्याचा फोटो बघायची सोय असते, पण बहुतेक लोक तिकडे न बघता रकमेच्या बटणावर जातात. फोटोत एक काळी मोटारसायकल होती. पाटी मोठी करून पाहिली तर त्या नंबरात तीन होता, माझ्या नंबरात त्या जागी आठ आहे.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवायला हवा. फोटोतल्या पाटीवरचा नंबर तुमच्यापेक्षा वेगळा असेल, तर कोणीतरी किंवा कॅमेऱ्याने तो चुकीचा वाचला आहे. हे तक्रारीने निस्तरतं. पण पाटीवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल आणि गाडी दुसरी असेल, तर कोणीतरी तुमच्या नंबराची खोटी पाटी लावून फिरतंय. तेव्हा चलानाची तक्रार पुरेशी नाही. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतलीच पाहिजे. त्या गाडीने उद्या अपघात केला किंवा ती गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

जवळच्या वाहतूक चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी फोटो पाहिला आणि सरळ सांगितलं, "ताई, चूक दिसतेय, पण हे आमच्याकडचं नाही. ज्या युनिटचं चलान, अर्ज तिकडेच." हे वाक्य मी आता सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवते. यादी राज्याची एक आहे आणि पैसेही कुठूनही भरता येतात, पण चलान मागे घ्यायचं काम ज्यांनी ते फाडलं त्यांच्याकडेच असतं. म्हणून चलान उघडल्यावर ते कुठल्या विभागाचं आहे हे पाहून लिहून ठेवा. दहिसरचं चलान घेऊन काशीमिऱ्याच्या चौकीत भांडून काहीच होत नाही, आणि त्या हवालदाराचाही त्यात दोष नसतो.

तक्रार संकेतस्थळावरून आणि अ‍ॅपवरूनही करता येते. चलान क्रमांक, तक्रारीचं कारण, आरसीची प्रत आणि आपल्या गाडीचे पुढून, मागून, बाजूने काढलेले फोटो जोडायचे. मी त्याबरोबर त्या विभागाला कागदावर अर्जही पाठवला आणि पोच घेतली. भाषा साधी ठेवली. फोटोतल्या गाडीचा नंबर अमुक, माझ्या गाडीचा नंबर तमुक, गाडीचा प्रकार वेगळा, सबब चलान रद्द करावं. रागाचा एकही शब्द नाही. पाठपुरावा करावा लागला, वेळ गेला, पण ते चलान यादीतून निघालं.

मला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. चलानाचा मेसेज मला मिळालाच नव्हता, कारण गाडीच्या नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला होता. त्या दिवशी माझी स्कूटर सोसायटीत उभी होती याचा सगळ्यात भक्कम पुरावा आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात होता, पण चलान माझ्या नजरेस पडेपर्यंत त्याच्यावर नवीन चित्रण चढून गेलं होतं. फोटोतली गाडीच वेगळी निघाली म्हणून माझं निभावलं. तीच गाडी माझ्याच रंगाची स्कूटर असती आणि पाटी नीट वाचता आली नसती, तर माझ्या हातात काहीही उरलं नसतं. परिवहन संकेतस्थळाच्या 'वाहन' सेवेत नोंदणीतला मोबाइल नंबर बदलता येतो. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येक गाडीच्या नोंदणीतला मोबाइल नंबर तपासा. कोणा वडीलधाऱ्यांच्या नावावर गाडी असेल आणि ते आता हयात नसतील, तर हे काम आधी हाती घ्या.

कॅमेऱ्याच्या चलानाबाबत कायद्याने नागरिकाच्या बाजूने बरंच काही लिहून ठेवलं आहे, ते ठाऊक असावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 च्या ऑगस्टमध्ये 167-अ हा नियम आला. स्वयंचलित कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची, फोटोत गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही दिसली पाहिजेत, ठिकाण, तारीख आणि वेळ नोंदलेली असली पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून ते नंतर ई-चलान यंत्रात चढवू नयेत, असं राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांनी 2025 च्या जुलैत परिपत्रक काढून बजावलं. तक्रार लिहिताना या गोष्टी उपयोगी पडतात. फोटोच दिसत नसेल, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करून तो मागता येतो.

आता लोकअदालतीबद्दल. "अमुक तारखेला हजर राहा" असा मेसेज आला की आमच्याकडे लोकांची झोप उडते. एक आजी तर वकील शोधायला निघाल्या होत्या. थकीत चलानं दाखलपूर्व प्रकरणं म्हणून लोकअदालतीत ठेवली जातात. तो फौजदारी खटला नव्हे, तडजोडीची संधी आहे. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून तोंड उघडण्यापूर्वी आपली चलानं नीट वाचून जा. सूट मिळेलच असं धरून मात्र बसू नका. "चलानावर पन्नास टक्के सवलत" म्हणून जे फॉरवर्ड फिरतात, त्यातले कित्येक दुसऱ्या राज्यांचे असतात. कर्नाटकाने 2023 च्या फेब्रुवारीत तशी सवलत दिली होती, आणि तीच बातमी आमच्या ग्रुपवर महाराष्ट्राची म्हणून येत राहिली. कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच, तर 2025 च्या मार्चपासून मिरा रोडला आपलं स्वतःचं न्यायालय आहे. ठाण्यापर्यंतची ती जुनी दगदग कमी झाली, याचं मला फार समाधान वाटतं.

ज्यात तडजोड चालतच नाही अशा गोष्टीही आहेत. दारू पिऊन गाडी चालवणं, कलम 185, हे न्यायालयातच जातं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आई-वडिलांना हात जोडून सांगते, क्लासला उशीर होतो म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात ॲक्टिव्हाची चावी देऊ नका. कलम 199-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. क्वीन्स पार्कच्या रस्त्यावर तिघं तिघं बसलेली शाळकरी मुलं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

खोट्या चलानाचं प्रकरण सगळ्यात क्रूर. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमच्या गाडीचं चलान आहे, बघण्यासाठी अ‍ॅप उतरवा" असा मेसेज आला, सोबत आरटीओच्या नावाची एपीके फाइल. त्यांनी ती उघडली आणि थोड्याच वेळात बँकेतून पैसे जायला लागले. ओटीपीचे मेसेज ती फाइलच वाचत होती. काकांनी कधी सिग्नल मोडला नाही, आणि कायद्याचा मान राखणाराच माणूस अशा मेसेजला पटकन घाबरतो. चलान कधीही एपीके फाइल म्हणून येत नाही. मेसेजमधल्या दुव्यावर बोट न ठेवता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तो जीओव्ही डॉट इनवर संपतो ना ते बघा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 वर फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त असते. रस्त्यावर अडवलं, तर यंत्रावर चलान दाखवायला सांगा, पावती घ्या, आणि कोणाच्याही खासगी नंबरावर पैसे पाठवू नका.

शेवटी स्कूटर त्याच मुलाला दिली. देताना मी अडून राहिले की मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या आधी आणि चावी नंतर. त्याच राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, असं कलम 50 सांगतं. नोंदीत नाव बदलेपर्यंत त्या गाडीची सगळी चलानं जुन्या मालकालाच येत राहतात. विक्रीच्या दिवशीच्या चलानांच्या यादीची प्रिंट काढा, तीवर दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ घाला, आणि आरसीवर नवं नाव चढल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत ती जपून ठेवा.