गाढ निद्रेची लाट आणि तंजावरची बाहुली

तंजावरची गोल व जड बुडाची मातीची बाहुली पुष्कळ वाचकांच्या पाहण्यात असेल. बोटाने ढकलली की ती डुलते, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि अखेर ती सरळ उभी राहते. कलण्याचा कोन आणि वेग या दोन राशी एखाद्या क्षणी ठाऊक असल्या, म्हणजे पुढील सारी हालचाल समीकरणाने सांगता येते. गणिती प्रतिमान म्हणतात ते हेच.

मेंदूचेही असे प्रतिमान करता येईल काय? हान्स बेर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम मिळविला. जागेपणी त्यावरील लाटा बारीक व द्रुत असतात; गाढ निद्रेत त्या उंच आणि संथ होतात. मिर्चा स्टेरियादे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली, भूल दिलेल्या मांजरांवरील प्रयोगांत, सेकंदाला एकाहूनही कमी वेळा येणारी लाट वर्णिली. तिच्यात मेंदूच्या बाह्यकातील असंख्य चेतापेशी काही काळ एकदम सक्रिय होतात आणि मग एकदम गप्प बसतात. नैसर्गिक निद्रेतही पुढे हेच आढळले. लाट उंच दिसते ती पेशी अधिक काम करतात म्हणून नव्हे, एकाच वेळी करतात म्हणून. हा भेद लोकप्रिय लिखाणात सहसा हरवतो.

बाहुलीचे डोलणे थांबते. ही लाट का विझत नाही? विल्सन आणि कोवन यांनी १९७२ साली एकेक पेशी न मोजता उत्तेजक व निरोधक अशा दोन समूहांची समीकरणे मांडली. अशा समीकरणांत पुढील संशोधकांनी थकवा ही तिसरी राशी मिळविली. उत्तेजक पेशी एकमेकींना चेतवीत राहतात. त्याबरोबर पेशींतून बाहेर पडणारा पोटॅशियमचा प्रवाह वाढत जातो आणि अखेर सारा समूह निपचित पडतो. विश्रांतीत थकवा ओसरला की किरकोळ चेतनाही त्याला पुन्हा जागे करते. बाहेरच्या बोटाची गरज उरत नाही.

परंतु पोटॅशियमऐवजी चेतासंधी दुबळ्या होतात असे मानले तरी समीकरणांतून जवळजवळ तशीच लाट निघते. तेव्हा आलेख जुळला म्हणजे कारण सापडले, असे समजणे घाईचे होय. निवाडा प्रयोगानेच होतो. मांजरांतील थॅलॅमस हा खोलवरचा भाग निकामी केल्यावरही लाट टिकली. त्यामुळे तिचा उगम केवळ थॅलॅमसात मानणारे प्रतिमान टिकू शकत नाही.

माणसात ही लाट बहुधा मेंदूच्या पुढील भागात उठून मागे सरकते, असे २००४ साली दिसून आले. तीन राशींच्या प्रतिमानात अंतराला स्थानच नाही. म्हणून आता बाह्यकाच्या तुकड्यातुकड्याला ही समीकरणे लावून ती एकमेकांत गुंफावी लागतात.