सशुल्क वार्तापत्राच्या पीडीएफ प्रतीचे संरक्षण

छापील अंक शेजाऱ्याला दिला तरी प्रत एकच राहते. पीडीएफ पुढे पाठवली की तिच्या शेकडो प्रती होतात आणि वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या वार्तापत्राचा आधारच तुटतो. मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरची अशी वाटणी करणारी चॅनेल्स ४८ तासांत बंद करण्याचा अंतरिम आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला दिला.

पासवर्ड हा दुबळा उपाय. फाइलबरोबर तोही पुढे जातो. प्रत्येक पानावर वर्गणीदाराचे नाव उमटवणे अधिक परिणामकारक. प्रत कोणाकडून बाहेर पडली ते कळते आणि स्वतःचे नाव असलेली प्रत वाटताना माणूस थबकतोच.

येथे एक बारकावा आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली आलेल्या कलम ६५ बी नुसार हक्क-व्यवस्थापनाची माहिती जाणूनबुजून, अधिकाराशिवाय पुसणे हा गुन्हा आहे. परंतु वापरकर्त्याची ओळख पटवणारी योजना या माहितीच्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणून वर्गणीदाराच्या नावाजवळ लेखकाचे नाव, हक्कधारकाचा पत्ता आणि वापराच्या अटीही छापाव्यात.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिचयाच्या एखाद्या वार्तापत्रासाठी अशी सूचना तीन ओळींत लिहा.