बहुभाषी संकेतस्थळासाठी शैलीपत्रकाची पूर्वरचना

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतून गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांतून शिक्षण दिले जाते. वस्त्रोद्योगामुळे या शहरात खानदेश, ओडिशा व तेलुगू प्रदेशांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत. अशा ठिकाणी प्रवेशाची सूचना एकाच संकेतस्थळावर सर्व भाषांत द्यावयाची झाल्यास प्रत्येक लिपीची गरज निराळी ठरते. रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या ओळींत देवनागरीचे रफार व उकार एकमेकांस भिडतात. चौकटीची उंची ठरावीक असल्यास ते कापलेही जातात. मुदतीची ओळ वाचता न आल्यास पालकास अर्जाची संधी गमवावी लागते.

ही अडचण दूर करण्यास ‘सॅस’ हे साधन उपयोगी पडते. हॅम्प्टन कॅटलिन यांनी त्याची कल्पना 2006 मध्ये मांडली व नाताली वायझनबाउम यांनी ते विकसित केले. सॅसमध्ये लिहिलेल्या मूळ फाइलींवरून ब्राउझरला समजणारे शैलीपत्रक तयार होते.

रचना करताना पुढील क्रम ठेवावा :

1. मूळ फाइली व तयार शैलीपत्रक यांचे फोल्डर वेगळे ठेवावेत. तयार पत्रकात हाताने केलेली दुरुस्ती पुढील रूपांतरात पुसली जाते. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलीतच करावी.

2. प्रत्येक भाषेचा टंक, अक्षराचा आकार व ओळींचे अंतर यांची एकच सारणी स्वतंत्र फाइलीत ठेवावी. फाइलीच्या नावाआधी अधोरेषा दिल्यास तिचे स्वतंत्र पत्रक निघत नाही. ती जोडण्यास ‘यूज’ आज्ञा वापरावी. जुनी ‘इम्पोर्ट’ आज्ञा 2024 पासून कालबाह्य ठरविण्यात आली आहे.

3. सारणीवरून प्रत्येक भाषेचे नियम आवर्तनाने निर्माण करावेत. मात्र पृष्ठाच्या मूळ मजकुरात भाषेचा संकेत नोंदविलेला असला पाहिजे. उर्दूसाठी उजवीकडून डावीकडे ही दिशाही तेथेच नोंदवावी.

4. कामाच्या काळात विस्तृत स्वरूपाचे व प्रकाशनासाठी संक्षिप्त स्वरूपाचे पत्रक काढावे. सॅसची आवृत्ती प्रकल्पात नोंदवून सर्वांनी तीच वापरावी.

या पद्धतीने मराठी ओळींचे अंतर वाढवावयाचे झाल्यास सारणीतील एकच आकडा बदलावा लागतो व इतर भाषांस धक्का लागत नाही. तथापि प्रकाशनापूर्वी प्रत्येक पृष्ठ ती भाषा वाचणाऱ्या व्यक्तीकडून साध्या मोबाइलवर तपासून घ्यावे; रूपांतर बिनचूक झाले म्हणजे सूचना वाचनीय झाली, असे नव्हे.