प्लेऑफचा पराक्रम पुरेसा आहे का?

प्रश्न: आइस हॉकीत क्लोद लेम्यूने चार स्टॅनले कप जिंकले, तरी 2025पर्यंत टोरंटोच्या हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं नाही. प्लेऑफमधल्या यशाला तिथे किंमत नाही का?

उत्तर: आहे, पण नुसते कप मोजून चालत नाही, कप संघ जिंकतो. मार्सेल डिऑन अंतिम फेरी एकदाही खेळला नाही. तरी 731 गोलांच्या बळावर 1992मध्ये निवडला गेला, आणि ते योग्यच झालं. त्याच वर्षी बॉब गेनीही आला: गोल फक्त 239, पण कप पाच.

लेम्यूचं बाहेर राहणं मात्र मला खटकतं. नियमित हंगामांत 1,215 सामन्यांत 379 गोल, म्हणजे चांगला, थोर नव्हे. पण सामने अटीतटीचे झाले की त्याचा वेग वाढायचा: प्लेऑफच्या 234 सामन्यांत 80. 1995मध्ये तर हंगामभरात जेमतेम 6 आणि प्लेऑफमध्ये 13! इतकी वर्षं टिकलेली गोष्ट नशिबाची नसते.

अडचण वेगळी आहे. निवडीसाठी 18 सदस्यांपैकी 14 मतं लागतात आणि खिलाडूवृत्तीही पाहिली जाते. 1996मध्ये त्याने प्रतिस्पर्धी खेळाडू क्रिस ड्रेपरला मागून दिलेली धडक अक्षम्यच होती. तरीही माझं मत त्यालाच.