रपट्यावरून पाणी : एक बातमी कशी वाचावी?

पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास असते : 'नदी दुथडी भरून, गावाचा संपर्क तुटला.' मी पडलो कॉन्व्हेंटवाला, 'दुथडी'लाच अडलो. रूममेट म्हणाला, "अबे, दोन्ही काठ भरून! यवतमाळचाच आहेस ना तू?" लाज वाटली. तेव्हापासून मेसमधला पेपर मी क्रिकेट सोडून जिल्ह्याच्या पानापासून वाचतो.

२८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली, माणसं दगावली. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, वायुदलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. पेपरात आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी जरा हिशोब करून बघावा.

एसटी धरा ११ मीटर लांब, अडीच मीटर रुंद. बॉडीला अर्धा मीटर पाणी चढलं आणि आत शिरलं नाही, तर ते पावणेचौदा घनमीटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे जवळपास पावणेचौदा टन वर उचलणारा जोर. रिकामी एसटी साधारण दहा टनांच्या आसपास! प्रत्यक्षात पाणी आत शिरतं म्हणून ती सरळ तरंगत नाही, पण चाकांची पकड जाते. त्यात प्रवाह आडवा. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर त्याच अर्ध्या मीटरवर सुमारे अडीच टनांचा धक्का बसतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. म्हणून "एवढ्याशा पाण्याला काय होते" म्हणणाऱ्या ड्रायव्हरकाकांना थांबवायला लाजू नका. गढूळ पाण्याखाली रस्त्याची कड खचलेली आहे की नाही, तेही त्यांना दिसत नाही.

आता दुसरी बाजू. रपटा पाण्याखाली जाणं हा आपोआप कोणाचा गुन्हा नाही. कमी खर्चात काम व्हावं म्हणून तो बुटकाच बांधतात, मोठा पूर वरून जाईल हे धरूनच. प्रश्न विचारायचे ते हे : वर्षातून किती तास बंद असतो? पाणी मोजायची पट्टी आहे का? कडेचे दगड शाबूत आहेत का? बातमीत मात्र एकच वाक्य असतं, 'प्रशासनाचे दुर्लक्ष'. कोणतं प्रशासन? रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? गावात नगरपरिषद असली तर तिचा? (वसंतराव नाईक मुख्यमंत्री होण्याआधी पुसदचे नगराध्यक्ष होते, तेव्हा हे काम हलकं समजू नका.) डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. उमेदवार दारी आले तेव्हा मी हे विचारलंच नाही.

आमच्या गावाअलीकडे असाच रपटा आहे. दर दिवाळीला बघतो, एक दगड कमी. दहा रुपये भरून माहितीचा अधिकार, २००५ खाली अर्ज दिला. उत्तर आलं, "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." बाबा म्हणाले, "झालं तुझं?" मग कायदा उघडला. कलम ६(३) सांगतं की विषय दुसऱ्याचा असेल तर अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा. तेच लिहून पुन्हा अर्ज दिलाय. उत्तराची मुदत तीस दिवस, आज तेवीस झाले.