पणजीचे कंकण

अतिमानवी नायक म्हटला की त्याचे मायबाप आधीच गेलेले असावयाचे, हा चित्रकथांचा जुना संकेत आहे. सुपरमॅनचा ग्रहच नष्ट होतो. बॅटमॅनचे आईवडील गल्लीत मारले जातात. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ तेवढा निराळा. तो एकविसावा वेताळ, आणि त्याच्या कवटीगुहेत पूर्वजांच्या रोजनिशा जपलेल्या. परंतु तेथेही घराणे म्हणजे बापाची शपथ मुलाने पुढे चालविणे, एवढेच. दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ने (१९९७ ते २००५) तर पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे लांबलचक नाव ठेवून वंशावळीचा विनोदच केला. तो आम्हां मुलांना फार आवडे, हे कबूल केले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर २०२२ साली आलेली ‘मिस मार्व्हल’ ही सहा भागांची अमेरिकन मालिका अभ्यासण्याजोगी आहे. तिची नायिका कमला खान ही न्यू जर्सीत वाढलेली सोळा वर्षांची मुलगी. मूळ चित्रकथेत तिला शक्ती मिळते ती एका धुक्यातून. मालिकेने हा प्रसंग बदलला. येथे कराचीहून आजीने धाडलेल्या सामानात एक जुने कंकण निघते. ते पणजीचे, आयेशाचे. कमला ते हातात घालते आणि तिच्या ठायी शक्ती जागी होते. साधा बदल वाटतो; पण त्यामुळे ‘ही शक्ती आली कोठून?’ हा प्रश्न विज्ञानाचा न राहता घरातला होतो. आणि घरात तर आयेशाचे नावही काढावयाचे नाही. तिने घराण्याला काळिमा लावला, एवढेच आई मुनीबा सांगते. (ही भूमिका मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ यांनी केली आहे, आणि ती आई कोणत्याही आळीत शोभावी अशी आहे.)

मालिकेचा खरा विषय कमला नव्हे, तर आजी, आई व नात यांच्यामधील अबोला होय. १९४७ च्या फाळणीच्या रात्री आजी सना ही लहानगी पोर रेल्वे स्थानकावरील गर्दीत हरवली आणि ताऱ्यांच्या एका माळेने तिला बापापर्यंत आणून सोडले, अशी तिची आठवण. लोकांनी ती वेडगळ ठरविली. सनाच्या लेकीला, मुनीबाला, त्या गोष्टींची लाज वाटे. ती दूर अमेरिकेस निघून गेली. पुढे मुनीबाने आपल्या मुलीपासून तेच झाकले, जे तिला स्वतःला ऐकवत नव्हते.

पाचव्या भागात कमला त्या स्थानकावर पोचते आणि ताऱ्यांची माळ तिनेच निर्माण केली होती असे उघड होते. शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग गर्दीच्या चित्रणात उत्तम आहे. तथापि माझा आक्षेप येथेच आहे. पोर सापडते, कारण नात अतिमानवी आहे. त्या रात्री ज्यांची मुले हरवली त्यांच्यापाशी अशी नात नव्हती. शिवाय दुसऱ्या मितीतील खलपात्रांचा सारा पसारा कथेला उगाच जड करतो. तीन बायका एका खोलीत बसून बोलतात, तेव्हाच मालिका जिवंत होते.

आपल्याकडे फाळणीची गाडी आली नाही. पण आपले १९४८ आहे. भूम त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या भयाने कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शीच्या बाजूस मुंबई इलाख्यात गेली, हे आपण १७ सप्टेंबरला दरवर्षी ऐकतो. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतील मुसलमानांवर जे गुदरले, ते मात्र भाषणांत येत नाही. नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद होता. संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा. हा अहवाल दशकानुदशके दडून राहिला.

मालिका पाहिल्यावर मी आजीला विचारले. ती आपले वय ‘पोलीस अॅक्शनच्या साली मी न्हाणी-धुणीची झाले’ असे सांगते. बार्शीकडे गाडीतून गेल्याचे, वाटेत भाकरी वाटून खाल्ल्याचे तिने हौसेने सांगितले. मग मी विचारले, आपल्या शिवारातल्या विहिरीला मुलान्याची विहीर का म्हणतात? गावात तर मुलान्याचे एकही घर नाही.

आजी तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, “लई गोड पाणी हाय तिचं,” आणि सूप उचलून आत गेली.